पिवळी रेघ

सोमवार, ता. ११, दुपार

चि. धाकट्यास,

अकरा वर्षांचे आशीर्वाद साठले आहेत, ते आधी घे आणि मग बाकीचं वाच.

अक्षर ओळखलं असशील. कागद आपल्या गॅरेजच्या जॉबकार्डाचा पाठकोरा आहे आणि त्यावरचे काळे ठसे माझ्याच बोटांचे. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून स्पेअर पार्टवाल्या मिशीच्या हाती पत्र देतोय. तो दुपारी माझ्याकडे फिल्टर आणि क्लचप्लेटा उतरवतो आणि इथून तुझ्या टायरच्या दुकानात जातो. इतकी वर्षं दोघांकडे येतो, पण एकाचं दुसऱ्याला कधी सांगत नाही. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात. म्हणते, जगाच्या गाड्यांना ग्रीस घालता, घरातल्याला कधी घालणार? तू आणलेला जॅक अजून चालतो. शटर मात्र अर्ध्यावर अडकतं, मी वाकून आत जातो. नव्या गाड्यांना आता तोंड फुटलंय. ऑइल बदला म्हणून दिवा लावतात, दार नीट लागलं नाही तर ओरडतात. पण चाकाचा नट सैल आहे, हे त्या अजून सांगत नाहीत.

आता ठमीचं. आधीच सांगतो, पोरीला रागावू नकोस. ब्रेकचं काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतलं असं तिने तुला सांगितलं असेल. ते खोटं आहे. गेल्या गुरुवारी ती गाडी घेऊन माझ्याकडे आली होती. म्हणाली, "काका, जुनी गाडी घेतलीय, घाट उतरून जायचंय, तुमचाच हात लागू दे. बाबांना सांगू नका." बोलताना हनुवटी पुढे काढते, अगदी तुझ्यासारखी. मला नाही म्हणवलं नाही. चारही चाकं काढली, ब्रेकचे पॅड बदलले, ब्रेकऑइल नवीन घातलं. तू नटांवरच्या रेघा बघूनच ओळखलं असशील म्हणा, आणि ओळखूनही गप्प बसला असशील.

शनिवारी नव्या नोकरीवर हजर व्हायचंय, आईला बरोबर नेणार आहे, असं म्हणाली. तिला सांग, हवा सकाळी भरायची, गाडी थंड असताना. सामान भरपूर आहे, तेव्हा मागच्या चाकांत थोडी जास्त. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनाला गाडी धरू द्यायची. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. जळका वास आला तर बाजूला घेऊन गप्प थांबायचं. आणि क्लचवर उगाच पाय टेकवून ठेवते, ती खोड मोड. ती तुझी खोड आहे, माझी नव्हे.

आणि हो, सहज म्हणून सांगतो. ती निघायच्या आधी चाकांचे नट एकदा तुझ्या हाताने ओढून बघ. सोळाच्या सोळा. काही झालेलं नाही. दोन हात फिरलेले बरे, एवढंच.

ठमीच्या आईला आशीर्वाद सांग. मिशी हॉर्न वाजवतोय, थांबतो.

तुझा,
मोठा


बुधवार, ता. १३, सकाळ

धाकट्या,

मिशीला विचारलं, पत्र दिलंस का? दिलं म्हणाला. वाचलं का त्याने? म्हणाला, खिशात घातलं. म्हणून हे दुसरं. माझ्यावरचा राग बाजूला ठेव आणि पुढची एवढी ओळ उभ्या उभ्या वाच. ठमीची गाडी जागची हलू देऊ नकोस, तिचे नट मी घट्ट केले की नाही हे मला माहीत नाही.

लिहिलं एकदाचं. सोमवारी हेच लिहायला बसलो होतो आणि वहिनीचे गुडघे लिहून उठलो.

सोमवारी सकाळी गणिताच्या बाई आल्या होत्या, हवा बघायला. त्यांच्या मागच्या डाव्या चाकाचं काम मी शुक्रवारी केलं होतं. हवा बघता बघता नजर नटांवर गेली. चार नट, चार पिवळ्या रेघा, नटावरून चाकावर सरळ उतरलेल्या. एकही तुटलेली नाही. काही कारण नसताना मी पाना लावला, आणि नट फिरला. जोर लावावाच लागला नाही. बाटलीचं बूच फिरावं तसा फिरला. दुसरा लावला, तोही तसाच. चारही. बाई डोक्यावर उभ्या, विचारतायत, "हवा कमी आहे का हो?" मी म्हणालो, "थोडी कमी आहे." नट आवळले आणि त्यांना हसून निरोप दिला. धाकट्या, त्या त्याच गाडीतून शाळेत जा-ये करत होत्या, मागच्या सीटवर शेजाऱ्यांच्या दोन मुली घेऊन. त्या गेल्यावर मी टायरांच्या ढिगावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

आपला नियम तुला सांगायला नको. गाडी जॅकवर असताना नट बोटांनी लावायचे. गाडी खाली घ्यायची. मग मी लांब पान्याने आवळायचे, तू पुन्हा ओढून बघायचे, आणि तुझं समाधान झालं की तू रेघ मारायची. ज्याने आवळलं त्याने रेघ मारायची नाही. तू गेल्यापासून आवळणारा मी आणि रेघ मारणाराही मीच. शुक्रवारी माझ्या हातून मधलंच गळलं. बोटांनी नट लावले, गाडी खाली घेतली आणि हाताने आपण होऊन रेघ मारली. मला यातलं काही आठवत नाही. मी आवळले होते असंच मला आठवतं. भीती वाटते ती याची. विसरलो हे तरी लक्षात राहायला हवं होतं.

महिन्याभरापूर्वी एका गाडीच्या ऑइलचं झाकण माझ्या शर्टाच्या खिशात सापडलं. तुझ्या वहिनीने धुवायला घेताना काढून समोर ठेवलं आणि म्हणाली, आता झाकणंही धुऊन देऊ का? आम्ही दोघंही हसलो. मी सकाळी जाऊन ते बसवून आलो आणि विषय मिटवला. तो मिटवायला नको होता.

गेल्या दोन आठवड्यांत मी अकरा गाड्यांची चाकं काढली होती. सोमवार दुपारपासून पिशवीत लांब पाना घालून घरोघर फिरतोय. "जरा हवा बघतो," म्हणतो. लोक चहा विचारतात. नऊ झाल्या. बेकरीवाल्याच्या पुढच्या चाकाचे दोन नट सैल निघाले, बाकीच्या ठीक. दहावी गाडी परगावी गेलीय, तिच्या मालकाला फोन करून जवळच्या टायरवाल्याकडे पाठवलं. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या चाकांकडेही आता वाकून बघतो. काल एकाने काच खाली करून विचारलं, "काय पाहिजे?" चोर समजला असेल. चुकलं नाही त्याचं.

अकरावी गाडी ठमीची.

काल तिला फोन केला. खरं सांगायचं ठरवूनच केला होता. तिचा आवाज ऐकला आणि तोंडातून निघालं, "हवा बघायची राहिलीय, गाडी काढू नकोस." ती हसली. म्हणाली, "काका, किती काळजी करता. मी रोज सकाळी रेघा बघते, तुम्ही शिकवलंत तशा. सोळाही सरळ आहेत." माझी पाचावर धारण बसली. रेघा सरळच असणार रे. नट फिरला तरच रेघ तुटते, पण सैल नटावर मारलेली रेघही तो फिरेपर्यंत सरळच दिसते. मी कसाबसा म्हणालो, तरी काढू नकोस. ती बरं म्हणाली, पण मोठ्या माणसाची समजूत काढताना म्हणतात तसं म्हणाली.

तूही त्या रेघा बघितल्या असशील आणि मनात म्हणाला असशील, दादाचा हात लागलाय म्हणजे बघायला नको. आपण दोघंही रेघेवर विश्वास ठेवणारी माणसं.

मी स्वतः येऊन बघितलं असतं. पण माझ्या बघण्यावर आता माझाच भरवसा नाही.

शटर कालपासून बंद आहे. घरी सांगितलंय, पाठ धरलीय.

मोठा


शुक्रवार, ता. १५

धाकट्या,

मिशी काल आला तेव्हा मी बंद शटरसमोर खुर्ची टाकून बसलो होतो. म्हणाला, तू दोन्ही पत्रं एकदम वाचलीस, हात पुसलेस आणि एवढंच विचारलंस, "कुठलं चाक?"

मला माहीत असतं तर पहिल्याच ओळीत लिहिलं नसतं का? चारही बघ.

तू विचारलंस ना, तेव्हा मला दुसरंच चाक आठवलं. तुलाही तेच आठवलं असेल. आता ते लिहिल्यावाचून सुटका नाही. तुझी मुलगी आणि बायको उद्या माझ्या हातच्या चाकांवर घाट उतरणार, आणि मी तुझ्यापासून अजून काही लपवून ठेवणार, हे मला जमत नाही.

औषधांच्या दुकानवाल्याची गाडी. पुलाजवळच्या वळणावर पुढचं चाक निखळलं, गाडी कठड्यावर गेली, त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरची बाटली काढायला तो स्टूल घेतो, मी बघितलंय. गाडी ओढून आपल्या दारात आणली तेव्हा निम्मी गल्ली जमली होती. एकदोन नट अजून चाकाच्या भोकांत अडकलेले, त्यांवर पिवळी रेघ. मी बोट दाखवून सगळ्यांदेखत विचारलं, "ही रेघ कुणाची?" तू त्या नटांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. आणि म्हणालास, "खडू माझा आहे."

मी म्हणालो, ज्याची खूण त्याची चूक. आणि तुला घरी पाठवलं. तू तुझी हत्यारंसुद्धा न्यायला आला नाहीस.

त्या दिवशी तू गॅरेजमध्ये नव्हतासच. तू बेअरिंग आणायला गेला होतास. दुकानवाला घाई करत होता, मी त्याला थांब म्हणालो नाही. तुझ्या ट्रेमधला टायरवर लिहायचा खडू उचलला आणि रेघा मारल्या. कुणी ओढून बघितलं नव्हतं. मी तरी आवळले होते का? तेव्हा शपथेवर हो म्हणालो असतो. या आठवड्यानंतर मी कशावरही शपथ घेणार नाही.

तुला सगळं माहीत होतं. "रेघ माझी आहे" असं तू म्हणाला नाहीस. माझ्याकडे बघून थांबलास, मला बोलायला जागा दिलीस, आणि मी बोललो नाही. त्यानंतर अकरा वर्षं प्रत्येक चाकावर मी तुझ्याच खडूने रेघ मारत आलो. एक संपला की तसलाच पिवळा आणायचा. लोक म्हणायचे, पिवळी रेघ आहे म्हणजे दोन माणसांनी बघितलंय. मी त्यांना कधी सांगितलं नाही की दुसरा माणूस मीच घालवलाय.

आज सकाळी तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. म्हणाली, "पाठ धरलेला माणूस पिशवीत पाना घेऊन गावभर फिरत नाही, ते मला मंगळवारीच कळलं. पण भाऊजींचं हे मला माहीत नव्हतं." मग उठून आत गेली. अजून बोललेली नाही. सोमवारी डॉक्टरकडे मात्र तीच घेऊन जाणार आहे, तसं दाराला चिठ्ठी लावून कळवलंय.

या पत्रात गुंडाळून खडू पाठवतोय. नट आवळलेले सापडले तर शेजारी तुझी रेघ मार. नाही सापडले तर आवळ, आणि मग मार. ठमीला उद्या याच रस्त्याने जायचंय, सातच्या सुमारास. मी दारात उभा असेन. तुझी रेघ दिसली की मी बाजूला होईन. दिसली नाही तर गाडीसमोर आडवा पडेन, मग लोकांनी वेडा म्हटलं तरी चालेल. ही धमकी नाही, दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहिलंय.

तुझा भाऊ


शनिवार, ता. १६, दुपार

धाकट्या,

सहालाच जाऊन उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकांचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. चार माणसांनी विचारलं, गॅरेज कधी उघडणार? मी नुसता हात हलवत होतो.

सातला पाच कमी असताना ठमी आली. मी आडवा होण्याआधी तिनेच गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. उतरून म्हणाली, "बाबा म्हणाले, काकांना आधी चाकं बघू दे." तिची आई खिडकीतून बघत होती. हसली नाही, पण तिने तोंडही फिरवलं नाही.

मी मागच्या डाव्या चाकाशी बसलो. माझ्या जुन्या रेघेशेजारी तुझी नवी, दोन्ही सरळ. मागचं उजवं तसंच. पुढचं डावं तसंच. मला धीर आला. मनात म्हणालो, बाईंची गाडी आणि बेकरीवाल्याची, एवढ्या दोनच हातून गेल्या, ठमीची नाही गेली. उगाच घाबरलो.

मग पुढचं उजवं बघितलं.

तुझी नवी रेघ सरळ होती. माझी जुनी तुटली होती. तिचा चाकावरचा अर्धा तुकडा जागच्या जागी, आणि नटावरचा अर्धा फिरून पार पलीकडे गेलेला. अर्धा फेरा. चारही नटांवर तेच. म्हणजे तू पाना लावलास तेव्हा प्रत्येक नट अर्धा फेरा फिरला, आणि मग कुठे घट्ट बसला. अर्ध्या फेऱ्यावर त्या दोघी घाटात जाणार होत्या. स्टिअरिंगच्याच बाजूचं चाक, ज्याच्या वर ठमी बसते.

मी बोनेटला धरून उठलो. ठमीने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "तुझ्या बाबांनी काही निरोप दिलाय?" म्हणाली, "नाही. मी ओल्या फडक्याने जुन्या रेघा पुसायला निघाले होते, तर म्हणाले, पुसू नकोस." मी खडू मागितला. म्हणाली, "तो बाबांनी खिशात ठेवला."

एका फडक्याचं काम होतं. पुसल्या असत्यास तर मला कधी कळलं नसतं आणि मी जन्मभर स्वतःची समजूत घालत बसलो असतो. तू अकरा वर्षांपूर्वी मला वाचवलंस, आज नाही वाचवलंस. दोन्हींसाठी तुझे पाय धरावेसे वाटतात, आणि मी मोठा आहे म्हणून ते करता येत नाही, असंही आता काही राहिलेलं नाही.

ती गेली. आवाज संपेपर्यंत उभा होतो, संपल्यावरही होतो. अकराला तिचा फोन आला, पोचलो, उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेकचा वास आला नाही. तुला तिने आधी केला असेलच. फोन ठेवल्यावर तुझ्या वहिनीने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि कालपासून पहिल्यांदा बोलली, "जेवा." पण माझी भीती गेलेली नाही. ती आता राहणार असं दिसतंय, आणि तिने राहावं हेच बरं.

गॅरेजची किल्ली मिशीच्या हाती देतोय. तू शटर उघड अथवा उघडू नकोस, तुझ्या मनावर आहे. वाकून आत जावं लागतं, डोकं सांभाळ. माझा हात यापुढे नटाला लागला तर तुझ्यासमोर लागेल, नाहीतर लागणार नाही.

संध्याकाळी औषधांच्या दुकानात जातोय. तो स्टुलावर चढलेला असेल तर उतरेपर्यंत थांबेन. तिथे गल्लीतली माणसं नेहमी असतात, ती असलेली बरी. त्या दिवशी ती होती, आजही असू देत. त्यांना जे सांगणार आहे ते आधी तुला लिहून ठेवतो, म्हणजे वाटेत विसरलो तरी ते कुठेतरी राहील.

ती रेघ माझी होती.

तुझा,
दादा